हाफ क्लच ताई

आमच्या भागात ज्याला म्हणून गाडी चालवता येते, त्याला ती ताईने शिकवलेली आहे. त्यातल्या निम्म्यांना अजून नीट येत नाही, पण तो काही तिचा दोष नाही. माणसं कान घरी ठेवून शिकायला येतात. शेजारच्या सीटवर बसून ती दिवसभर एकच पालुपद लावते, "हाफ क्लच, हाफ क्लच, सगळा सोडू नका." त्यावरून तिचं नाव पडलं हाफ क्लच ताई. तोंडावर नुसतं ताई. मी वयाने तिच्यापेक्षा मोठी, तरी मीसुद्धा ताईच म्हणते. मीही तिच्याकडेच शिकले, आणि शिकताना तिचं असं काही डोकं खाल्लं की नंतर नावाने हाक मारायला मला तोंडच उरलं नाही.

माझं स्पेअर पार्टचं दुकान बरोबर तिच्या घरासमोर आहे. नवरा बाहेरून माल आणतो, मी काउंटरवर बसते. मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

ड्रायव्हिंग स्कूल मुळात तिच्या वडिलांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. कडक माणूस. शिकणाऱ्याने आरशात न बघता गाडी वळवली की त्याला भर रस्त्यात उतरवून चालत घरी पाठवायचे. मुलगी लहानपणी मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर फिरायची. मोठी झाल्यावर पुढे आली. मग आई गेली, मास्तरांचं वय झालं, आणि शिकवणी तिच्या गळ्यात पडली ती पडलीच. त्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक आहे, शिकवणाऱ्याच्या पायासाठी. ताईची जागा तीच. एक डॉक्टर होता, समोरून ट्रक आला की डोळे मिटून घ्यायचा. एक बाई गियर टाकताना आवाज झाला की गियरला "सॉरी" म्हणायची. ही आपली शांत, पाय ब्रेकवर. मी असते तर एकेकाला स्टेपनीच्या जागी बांधून ठेवलं असतं.

पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. अख्ख्या गावाला गाडी शिकवणारी ही बाई स्टिअरिंगवर फारशी बसलीच नाही. सकाळी गाडी बाहेर काढायची आणि संध्याकाळी आत लावायची, एवढंच तिचं चालवणं. बाकी दिवसभर चालवणार दुसराच, आणि ही त्याच्याबरोबर त्याच त्याच गल्ल्या फिरणार. शिकून झालं की लोक त्या गल्ल्यांतून कुठे कुठे निघून जातात. ही संध्याकाळी परत गॅरेजात.

लग्नाचंही तसंच झालं. एक चांगला मुलगा होता, मीच मध्ये पडले होते, त्याच्याकडून होकारही आला. मास्तर नाही म्हणाले नाहीत, ते मी खोटं सांगणार नाही. त्यांनी फक्त विचारलं, "सकाळच्या बॅचचं काय करायचं?" आणि ही म्हणाली, "हो ना." झालं, तिथेच विषय संपला. मला त्या दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं होतं. पुढे मास्तरांना झटका आला. उजवा पाय कामातून गेला, जीभ आणि डोकं मात्र शाबूत. तेव्हापासून ते दिवसभर व्हरांड्यात खुर्चीवर बसतात, पायांवर शाल, आणि समोर गॅरेज. गाडी कधी गेली, कधी आली, कुठला गियर कसा पडला, सगळं त्यांना आवाजावरून कळतं.

अशात ताईला नोकरी लागली. लांबच्या गावी बसगाड्यांचं मोठं आगार आहे, तिथे बायकांना बस चालवायला शिकवायचं काम. राहायला खोली. तिने मला न सांगता अर्ज केला होता, परीक्षा दिली होती, आणि निवड झाल्यावर दुकानात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, काय झालं, कोण गेलं? तेव्हा म्हणाली, "मी जातेय." मी काउंटरवरून उठून तिला मिठी मारली, गिऱ्हाईक बघत राहिलं.

तिने सगळी सोय लावली. मास्तरांकडे राहायला एक मावशी ठेवली, स्वभावाने गरीब आणि अंगाने दणकट. समोर मी आहेच. मास्तरांनी या वेळी बॅचबिचचं काही काढलं नाही. म्हणाले, "जा. चांगली नोकरी आहे." गाडी ती बरोबर नेणार होती, म्हणजे सुट्टी मिळाली की बापाकडे धावत येता येईल. फक्त एक अट होती. ठरलेल्या दिवशी दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. तिच्या वयाला असली संधी पुन्हा कोण देतंय? हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

त्या सकाळी मी शटर वर करत होते, तेवढ्यात समोरून सेल्फचा आवाज आला. घर्र घर्र घर्र, आणि गप्प. पुन्हा घर्र घर्र. जुन्या गाडीचं असं चालायचंच, मी लक्ष दिलं नाही. पण ते थांबेना. थोड्या वेळाने ताई रस्ता ओलांडून आली. नवा ड्रेस, केस चापूनचोपून बांधलेले आणि तोंडभर घाम.

"धरत नाहीये गं," ती म्हणाली.

"कधीपासून मारतेयस सेल्फ?"

"झाला बराच वेळ."

"मग बॅटरी उतरवून ठेव, म्हणजे बस रडत! तुला कुणी शिकवलं हे? चल."

भाड्याच्या गाडीवाल्याला तिने आधीच फोन केला होता. त्याची गाडी कुणाला तरी घेऊन बाहेरगावी गेलेली. सकाळची बस गेली होती, पुढची संध्याकाळी पोचते. आमची व्हॅन घेऊन नवरा माल आणायला गेलेला. नेमका! म्हणजे जे काही करायचं ते ह्याच गाडीला करायचं होतं.

मास्तरांचं गॅरेज म्हणजे एक शिक्षाच आहे. गाडीला मापात शिवल्यासारखं. दार अर्धंच उघडतं, त्यातून पोट आत ओढून उतरायचं. त्यात मास्तरांचा नियम, गाडीचं तोंड भिंतीकडे, का तर चोराला बॉनेट सहज उघडता येऊ नये. भिंत आणि बंपर यांच्यात ताईसारखी काटकुळी बाई आडवी होऊन जेमतेम मावते. आणि गॅरेज रस्त्याच्या खाली, मध्ये चढण. आम्ही दोघी ढकलायला गेलो तर गाडी गंमत बघत उभी राहिली असती. धक्का मारून चालू करायचं तर नावच नको.

"मी सेल्फ मारते, तू पुढे जा," मी म्हटलं आणि कशीबशी स्टिअरिंगमागे शिरले. दिवे लावून बघितले, लख्ख. म्हणजे बॅटरी अजून जिवंत होती. किल्ली फिरवली, इंजिन चांगलं फिरत होतं. पण धरायचं नाव नाही.

"पेट्रोल?"

"काल भरलंय. कार्ब्युरेटरपर्यंत येतंय, नळी काढून बघितली," ती बॉनेटमागून म्हणाली. वासही येत होताच, सगळं गॅरेज घमघमत होतं. माझं डोकं दुखायला लागलं.

"मग करंट बघ. प्लग काढ."

तिने एक प्लग काढला, पुसला, वायरला लावून इंजिनाला टेकवून धरला. मी सेल्फ मारला.

"आला?"

"नाही."

"नीट बघ, उजेडात दिसत नाही."

"नाही येत गं! बघतेय ना मी." तिचा आवाज चढला. ताईचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तो ट्रक बघून डोळे मिटणारा डॉक्टर गाडी नाल्यात घेऊन गेला होता तेव्हासुद्धा नाही.

व्हरांड्यातून मास्तर आमच्याकडे बघत होते. एरवी बॉनेट उघडलं की त्यांच्या सूचना सुरू होतात, अमुक बघ, तमुक पिळ, तिथे हात लावू नको. नको नको होतं. त्या दिवशी हूं की चूं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटत असेल, मुलगी चालली म्हणून.

"कॉइलची वायर काढून बघ," मी म्हटलं. करंट आणणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्यातून, ओढून तिने इंजिनाजवळ धरली. सेल्फ मारल्याबरोबर टक टक टक आवाज मलाही ऐकू आला. करंट तिथपर्यंत खणखणीत येत होता आणि पुढे प्लगला जात नव्हता. आता हे कुणालाही कळेल, भानगड मधल्या त्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली.

"टोपी उघड."

तिने टोपीच्या दोन्ही क्लिपा पाडल्या. मी काचेतून बघतेय, बॉनेट उभं, खालच्या फटीतून तिच्या हातांखेरीज काही दिसत नाही, आणि हात हलत नाहीत.

"काय झालं? तडा गेलाय का?"

मी दारातून स्वतःला बाहेर काढलं आणि भिंत आणि बंपरच्या फटीत घुसले. घुसले म्हणजे अडकले. पाठीला भिंत, पोटाला बंपर, धड पुढे जाता येईना, धड मागे. तसंच मान वाकडी करून बघितलं. टोपीखाली रोटर नव्हता.

रोटर म्हणजे एवढासा, अंगठ्याएवढा तुकडा. तो गोल फिरतो आणि एकेका प्लगला करंट वाटतो. तो आपणहून कुठे पडत नाही. तो कुणीतरी हाताने उपटून काढावा लागतो. आणि ह्या घरात काढलेला रोटर कुणाकडे जातो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मास्तरांची ती जुनी रीत. ते म्हणायचे, किल्ली काय, कुणीही बनवून घेईल. रोटर काढला की गाडी म्हणजे पत्र्याचं कपाट. रोज संध्याकाळी गाडी आत लावली की बॉनेट उघडायचं, रोटर काढायचा, उजव्या खिशात टाकायचा. ताई शिकवायला लागली तेव्हा ते काम तिच्याकडे आलं, पण रोटर ठेवायचा मान मास्तरांचाच. ती घरात यायची, ते हात पुढे करायचे, ती त्यांच्या तळव्यावर रोटर ठेवायची. मूठ मिटली की दिवस संपला, मग जेवणं. मी कितीदा बघितलंय ते. मास्तर दवाखान्यात होते तेव्हा रोटर द्यायचा कुणाला, म्हणून ते मोडलं, आणि घरी आल्यावरही पुन्हा सुरू झालं नाही.

"तुझ्या दुकानात?" ताईने विचारलं.

"ह्या गाडीचे पार्ट यायचे बंद होऊन जमाना झाला. होता तो शेवटचा तूच नेलास." मी त्या फटीतून बाहेर निघायला धडपडत होते, माझ्या ड्रेसला ग्रीस लागलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांब. बघतेच मी त्यांच्याकडे."

"अगं, ते गॅरेजपर्यंत येऊ शकत नाहीत."

"मावशीला पाठवलं असेल! ह्यांना काय कमी समजतेस?"

मी सरळ व्हरांड्यात गेले. "मास्तर, रोटर द्या."

"माझ्याकडे नाही."

"मास्तर, तिची नोकरी जाईल. आज दुपारी तिथे पोचली नाही तर संपलं सगळं. काढा तो."

"माझ्याकडे नाही म्हटलं ना. झडती घे."

आणि मी घेतली! मला काही लाज वाटली नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुमाल होता, खोकल्याची एक चघळायची गोळी, चष्म्याचं फडकं. शाल झटकली. आत जाऊन उशी उलटी केली, गादी उचलली. ताई मागून "नको गं, असं करू नको," म्हणत होती आणि स्वतःच टेबलाचे खण उघडून बघत होती. बॅग दारात तयार पडली होती, तिला ठेचकाळत आम्ही दोघी आतबाहेर करत होतो. ते घर तसं लहान नाही, पण त्या वेळी मला तिथे श्वास घ्यायला जागा नाही असं झालं. ही बाई इथे इतकी वर्षं कशी राहिली, हे त्या दिवशी प्रथम माझ्या मनात आलं.

तेवढ्यात मोरीकडून मावशी आल्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"ताई, कालचा तुमचा कुडता भिजवला, त्याच्या खिशात हे लागलं," त्या म्हणाल्या. "मोडकं बटण वाटलं. टाकून देणार होते."

त्यांच्या ओल्या तळव्यावर रोटर होता.

ताईने तो घेतला. उलटा केला, सुलटा केला, जणू पहिल्यांदाच बघतेय.

"काल संध्याकाळी तूच काढलास," मास्तर म्हणाले. "पाणी बघितलंस, ऑइल बघितलंस, आणि बाहेर येताना हात खिशात गेला तुझा. मी बघत होतो इथून."

"बघत होता?" मी उसळले. "म्हणजे मघापासून ठाऊक होतं तुम्हाला? ती पोर तिथे घामाघूम होतेय, मी भिंतीत चिणली गेले, तुमचं उशीपांघरूण उपसलं, आणि तुम्ही ढिम्म? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"मला वाटलं, हिला जायचं नसेल."

"असं वाटलं तर विचारायचं!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असती, नाही म्हणाली असती. काहीतरी म्हणाली असती." ते ताईकडे बघत नव्हते, गॅरेजकडे बघत होते. "खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. रात्री झोप चांगली लागली मला."

ताई खाली पायरीवर बसली. नव्या ड्रेसचा विचार न करता तशीच.

"मला आठवत नाही, बाबा," ती म्हणाली. "ऑइलची पट्टी पुसली, बॉनेट लावलं, एवढं आठवतंय. टोपी कधी उघडली ते आठवत नाही. शप्पथ." मग माझ्याकडे वळली. "मला जायचंय गं. किती दिवस मी रात्री पडल्या पडल्या तो रस्ता मनात चालवतेय. मला खरंच जायचंय. मग माझा हात असं का करतो? मला भीती वाटतेय."

असलं कुणी विचारलं की मी चिडते. "भीती वाटायला वेळ आहे का तुझ्याकडे? आण तो इकडे," मी म्हटलं आणि रोटर तिच्या हातातून हिसकावून घेतला. स्वयंपाकघरात जाऊन फडक्याने पुसला, तवा जरासा तापवून त्यावर धरला, फुंकर मारमारून सगळ्या खाचा कोरड्या केल्या. दुकानातून काचकागद आणून त्याचं पितळी टोक घासलं. मावशी बाजूला उभ्या राहून विचारत होत्या, मी काही चुकले का? मी म्हटलं, मावशी, ह्या घरात आज न चुकलेल्या तुम्ही एकट्याच.

ताईने रोटर बसवला, टोपी लावली, वायरी लावल्या, प्लग पिळला. काम चोख. मी बॅग मागे टाकली. आणि घाईघाईत ही बया कुठे जाऊन बसली असेल? शेजारच्या सीटवर! पायसुद्धा ब्रेकवर ठेवला.

"चालवणार कोण? मी?" मी ओरडले.

तिने स्वतःकडे बघितलं, मधल्या गियरवरून पाय टाकत स्टिअरिंगवर आली आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिनाने धरलं. सगळं गॅरेज धुराने भरलं, मी खोकत खोकत चढणीवर पळाले आणि रस्त्यावर उभी राहून तिला मागे घे, मागे घे, म्हणून हात करत राहिले. गाडी वर आली. तिने काचेतून "येते, बाबा," म्हटलं. मास्तरांनी मान हलवली, हलवली की नाही कळलं नाही. गाडी गेली.

गेली म्हणजे वळणापर्यंत. आमच्या गल्लीच्या टोकाला वळण आहे, तिथे मागचे लाल दिवे लागले आणि लागलेच राहिले. मी मनात म्हणतेय, जा ना, बाई, जा. इंजिनाचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"बंद केली," मास्तर म्हणाले.

लांबून बॉनेट उघडल्याचा आवाज आला, आणि परत लागल्याचा. मला दिसलं, ताई चालत परत येतेय. उजव्या हाताची मूठ मिटलेली.

"काय राहिलं आता?" मी रस्त्यातच तिला गाठलं. "गोळ्या मावशींना सांगितल्यात. गॅस मी बघते. दूधवाल्याला मी सांगते. काय राहिलं तुझं इथे?"

"नीट निरोप घेतला नाही गं मी," ती म्हणाली आणि माझ्या बाजूने निघून व्हरांड्यात गेली. मास्तरांच्या खुर्चीपुढे उभी राहिली. "बाबा..." एवढंच म्हणाली.

आणि मास्तरांचा हात शालीतून बाहेर आला. तळवा वर, पूर्वी रोज संध्याकाळी यायचा तसा. त्यांनी मुद्दाम केलं नाही, हे मी कुठेही सांगेन. काल तिचा हात गेला तसाच त्यांचा हात आला. ताईची मूठ उघडली. रोटर तिच्या बोटांत होता आणि ती खाली वाकत होती.

मास्तरांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो हात त्यांनी ओढून शालीत घेतला आणि वरून दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"गाडी कुठे उभी केलीस?" त्यांनी विचारलं.

"वळणावर."

"वळणावर?" म्हातारा असा कडाडला की मावशी आतून धावत आल्या. "वळणावर गाडी उभी करतात? हेच शिकवलं का मी? मागून कुणी आला म्हणजे? दुसरा कुणी असता तर उतरवून चालत पाठवला असता मी!"

"चालतच आलेय, बाबा," ताई म्हणाली. रडत होती की हसत होती, तिचं तिला ठाऊक.

"मग चालत परत जा. हलव ती आधी. जा म्हणतो ना!"

ती गेली. अर्ध्यातून पळायलाच लागली. बॉनेट वाजलं, सेल्फ वाजला, इंजिनाने धरलं. पहिला गियर, मग दुसरा. मग गाडी दुसऱ्यावरच रडत राहिली, आणि मग आवाज बदलला.

"तिसरा उशिरा टाकला," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते, पुसायला हात शालीतून बाहेर काढत नव्हते. मग ऐकण्यासारखं काही उरलं नाही. मी दुकान उघडं टाकून आले होते, तिकडे गेले.

दुपारनंतर तिचा फोन आला. पोचली होती. कचेरीतला माणूस दाराला कडी लावायला उठला होता तेवढ्यात पोचली. मी रस्ता ओलांडून मास्तरांना सांगितलं. ते "हं" म्हणाले.

दिवे लावायला म्हणून मी पुन्हा गेले तेव्हा ते तसेच खुर्चीत होते. समोरचं गॅरेज रिकामं, जमिनीवर तेलाचा डाग. त्यांचा हात शालीतून निसटून मांडीवर आला होता, तळवा वर. मी पाण्याचा पेला आणला, त्या तळव्यावर संध्याकाळची गोळी ठेवली, आणि त्यांनी ती गिळेपर्यंत तिथेच उभी राहिले.